सहावं नाव

चांगुणाबाई,

गेल्या आठवड्यात पोशीरला तुमच्या अंगणात, तुमच्या फोटोसमोर मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी तीन बोललो. "चांगल्या बाई होत्या," एवढं म्हणून खाली बसलो. पंचवीस वर्षं आमच्या भाताच्या गिरणीत तुम्ही राबलात, त्यातली निम्म्याहून जास्त माझ्या डोळ्यांदेखत, आणि मालकाला सुचलं ते एवढंच. तुमच्या सुजातानं मान डोलावली. शिकलेली मुलगी, पाहुण्याची लाज राखली तिनं. तुमची जाऊ सोनूबाई मात्र पलीकडच्या ओट्यावर आमच्याकडे पाठ करून वाल सोलत बसल्या होत्या. सगळी वाडी तुमच्यासाठी जमली होती, आणि त्या चार पावलांवर असून उठल्या नाहीत.

तेव्हापासून मला बसवत नाही. गिरणीत जातो, इंजिन सुरू झालं की बाहेर येतो, नेरळ स्टेशनच्या रस्त्याला लागतो आणि अर्ध्या वाटेतून परततो. हमीदा म्हणते, पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या? लागलीय. कशामुळे तेही मला ठाऊक आहे. सोनूबाईंना एक गोष्ट सांगायची राहिली. ती तुम्ही सांगितली नाहीत, मीही नाही. तुम्हाला आता सांगता येणार नाही. म्हणजे उरलो मी.

पण आधी कणीचं बोलू, कारण आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते काही मिटलं नाही. अब्बांच्या वेळेपासूनची ती रीत. संध्याकाळी इंजिनाचा पट्टा उतरला की पाखडणाऱ्या सोळा बायका गिरणीच्या दारात रांगेनं उभ्या राहायच्या आणि अब्बा एकेकीच्या पदरात सूपभर कणी ओतायचे. भरडताना तुटलेला तांदूळ तो, आमच्या लेखी दुय्यम माल. वजन नाही, मोजमाप नाही. कुणी बाळंतीण होऊन परत आली असेल तर तिला दीड सूप. रोख मजुरी बेताची होती, पण कणी मिळाली की घरच्या पेजेची सोय व्हायची. अब्बांना या रीतीचा अभिमान होता. मलाही होता. तुम्ही एकट्याच पदर पुढे करायच्या नाहीत. घरून धुतलेलं फडकं आणायचात, ते जमिनीवर पसरायचात आणि बाजूला उभ्या राहायचात. अब्बा त्या फडक्यावर सूप रिकामं करायचे आणि मनात म्हणायचे, बाई तोऱ्याची आहे. मनात कशाला, चारचौघांतही म्हणायचे.

मग नवा दर आला. आपला जिल्हा तेव्हा अजून कुलाबाच होता, रायगड झाला नव्हता. भाताच्या गिरणीतल्या माणसाला कमीत कमी किती मजुरी द्यायची हे सरकार ठरवतं, हे आम्हा गिरणीवाल्यांना माहीत होतं, पण त्या साली तो आकडा एकदम दीडपटीवर गेला. दराचा कागद कामगारांना दिसेल असा लावा, असं कायदा सांगतो. मी लावला. कचेरीत, निम्मा कॅलेंडरच्या मागे. सोळातल्या एकीलाही अक्षरओळख नाही, अशी माझी खात्री होती. तुमच्या विहारात मोठ्या माणसांचा वर्ग भरतो आणि तुम्ही दोन हिवाळे तिथे पाटी घेऊन बसताय, हे मला कोण सांगणार?

ती दुपार आठवली की अजून माझी कानशिलं तापतात. पाणी प्यायला म्हणून तुम्ही आत आलात, कॅलेंडर बाजूला केलंत आणि अक्षरांखाली बोट ठेवून वाचू लागलात. भा-ता-च्या. गि-र-ण्या. मी समोर खुर्चीत बसलेलो. थांबवता येईना आणि मदतही करवेना. बोट सरकत सरकत आकड्याशी आलं, तिथे मात्र तुम्ही अडखळला नाहीत.

"भाई, ह्यो दर कुनाचा?"

"सरकारचा."

"आन आमचा?"

मी म्हणालो, बघू. मालक "बघू" म्हणतो तेव्हा त्याला काय म्हणायचं असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळायचं. दुसऱ्या दिवशी सोळाही जणी दारातच बसून राहिल्या आणि सुपं आत तशीच पडून राहिली. तेव्हा मी माझ्या मते हुकमाचं पान टाकलं. दर देतो म्हणालो, पैसासुद्धा कमी करणार नाही, पण मग कणी बंद. कायदा रोख मजुरी द्या म्हणतो, सूप भरून द्या म्हणत नाही. मला वाटलं होतं, बाकीच्या पंधरा जणीच तुम्हाला गप्प करतील.

त्यांनी प्रयत्न केला, हे खरं. सर्वांत मोठा आवाज सोनूबाईंचा. "चांगुणे, पोरांच्या तोंडची कणी घालवतेस काय गं? पैका काय, बाप्ये काढून नेतील. कणी कोन पितो?" आणि ते खोटं नव्हतं. मी दाराला टेकून ऐकत होतो. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "आमच्यातल्यांनी गावाची भाकर मागायचं सोडलं, मेलेलं ढोर वढायचं सोडलं. मंग ह्या दारात पदर पसरून उभं ऱ्हायचं कशाला? काम केलंय ना आपन? मोजून घेऊ." ज्यांच्या घरात भाकरी मागायची रीत कधी नव्हती त्या कुणब्याच्या बायकाही यावर गप्प झाल्या. पदर सगळ्यांचाच पसरलेला होता ना.

मी तुम्हाला बाजूला घेऊन विचारलं होतं, आठवतं? ईदला आमच्याकडचा शिरखुर्मा घेता, मग कणीतच कसला अपमान? तुम्ही म्हणालात, "शिरखुर्मा घरात बसवून देता, भाई. कणी दारात उभं करून." मला राग आला होता. अब्बा तेव्हा नुकतेच गेले होते, आणि त्यांच्या चांगुलपणात खोट काढणारी तुम्ही पहिलीच. त्या मयताच्या तीन दिवसांत माझी गिरणी तुम्ही एकटीनं चालवली होती, हेही मी रागात विसरलो. कुणाचं भात कोणतं, कुणाचं ओलं, कुणाचं आधी भरडायचं, सगळं तुमच्या डोक्यात. मी परत आलो तेव्हा एका पोत्याचीही अदलाबदल झालेली नव्हती. त्याबद्दल तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. आत्ता मानतो, आत्ता मानून काय उपयोग ते तुम्हीच सांगा.

दर सुरू झाला, कणी बंद झाली. मग मी काय केलं? तीच कणी गिरणीच्या पुढच्या बाजूला विकायला ठेवली. आणि पावसाळ्यात घरातलं धान्य आटलं की तुमच्यातल्याच बायका ती विकत न्यायला लागल्या. मला गंमत वाटली, खोटं कशाला बोलू. एका दुपारी तुम्हाला टोचून म्हणालो, "काय चांगुणाबाई, वाढलेल्या मजुरीतली निम्मी तर माझ्याच गल्ल्यात परत आली."

तुम्ही सुपातले खडे वेचत होतात. मान वर न करता म्हणालात, "निम्मीच ना?"

हमीदाला सांगितलं तर ती हसून लोळली.

त्या वेळी कर्जतला आम्ही गिरणीवाले एकत्र बसलो की एकच रडगाणं असायचं. आता गिरण्यांना टाळी लागणार, बायकांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. मीही त्यात सूर लावायचो. प्रत्यक्षात आमच्या बाजूची एकच गिरणी बंद पडली, आणि ती भावाभावांच्या भांडणात. बाकीच्यांनी भरडाई थोडी वाढवली. शेतकरी कुरकुरले आणि भात घेऊन आलेच, ते अख्खं भात थोडंच खाणार होते? तांदळात खडे कमी लागायला लागले, कारण पूर्वीसारख्या चार दिवस येऊन आठ दिवस गायब होणाऱ्या बायका राहिल्या नाहीत. लावणीच्या दिवसांत तर तुमच्या पोशीरचा एक जण छत्री आपटत गिरणीत आला आणि म्हणाला, "भाई, तुमी बायांना सवय लावलीत, आता आमच्या चिखलात पाय टाकायला कोन नाय." त्यालाही लावणीची मजुरी वाढवावी लागली. वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. हे सगळं तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, मग तुमचं नुकसान कुठं झालं भाई? म्हणून नाही सांगितलं.

आता ते दुसरं. ते लिहायला बसलो आणि दोनदा उठलो.

दर वाढायच्या आधीच्या हिवाळ्यात मी कल्याणला जाऊन एक यंत्र बघून आलो होतो. पंखा आणि चाळण एकत्र. तूस वेगळं, कणी वेगळी, तांदूळ वेगळा. आवडलं, पण महाग वाटलं म्हणून सोडून आलो. दर वाढल्यावर पुन्हा गेलो आणि घेऊन आलो. त्या दरानं मला ढकललं, की ढकललं म्हणायला मला दर सापडला? मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. ज्या दिवशी गिरणी चांगली चालते त्या दिवशी एक उत्तर येतं, ज्या दिवशी पट्टा तुटतो त्या दिवशी दुसरं. तुम्हाला मात्र मी छातीठोकपणे सांगितलं होतं की हे सगळं नव्या दरामुळे. सोळा बायका आता परवडत नाहीत. सहा कमी करायच्या.

आणि मग म्हणालो, "दर तुम्ही मागितलात. आता नावंही तुम्हीच द्या."

हे मी का म्हणालो? तुमचा तोरा उतरवायला. दुसरं कारण शोधून पाहिलं, मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांच्या आधी आलात. कचेरीच्या उंबऱ्याशी उभ्या राहून नावं सांगितलीत, प्रत्येकीचं कारण देऊन. एकीचा मुलगा ठाकुरवाडीला रेल्वेत लागलाय, घर चालेल. दोघींची लग्नं ठरलीत, तशाही जाणार. एकीला दिसतं कमी, ती खडे सोडते. एकीच्या घरी म्हशी आहेत. पाच झाली. मी विचारलं, सहावं?

"चांगुणा," तुम्ही म्हणालात.

मला आधी कळलंच नाही. मग म्हणालो, चालणार नाही. भातात हात घातला की ओल किती ते तुम्हाला कळायचं, आणि ती कळल्याशिवाय ओलं भात भरडलं तर नुसती कणीच निघेल. मला तुम्ही हव्या होतात. तुमचं नाव मी खोडलं आणि सोनूबाईंचं घातलं. एका घरातल्या दोघी कशाला, असं म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. दारातल्या भांडणात सोनूबाईंचा आवाज मोठा होता, पुढे यंत्रावरूनही त्या भांडल्या असत्या. तुम्ही आत जाऊन सूप घेतलंत.

संध्याकाळी दारात मी सहा नावं वाचली. आणि वाचायच्या आधी म्हणालो, "ही नावं चांगुणाबाईंनी दिलीत."

पाच तुम्ही दिली होतीत, त्यामुळे ते धड खोटंही नव्हतं. सोनूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तुमच्याकडे पाहिलं. एका अंगणात, समोरासमोरच्या दारांत राहून पुढची अकरा वर्षं त्या तुमच्याशी बोलल्या नाहीत.

सोनूबाई स्टेशनजवळच्या वखारीत गेल्या, मुंबईच्या तबेल्यांना गवत जातं तिथे गाठी बांधायला. अंगाला खाज, छातीत गवताचं कुसळ. तिथल्या बायकांनीही पुढे दोनेक वर्षांत आमच्या गिरणीकडे बोट दाखवून मजुरी वाढवून घेतली, म्हणजे तुम्ही वाचलेल्या त्या कागदाचा सोनूबाईंनाही लाभ झालाच. पण ती दोन वर्षं कुणी भरून देणार नव्हतं. तुमची सुजाता आणि त्यांची शोभा एकाच वर्गात होत्या. सुजाता मास्तरीण झाली. शोभा सातवीतून उठली आणि आईबरोबर गाठी बांधू लागली. दर वाढल्यानं चांगलं झालं का वाईट, असं मला कुणी विचारलं की मला तुमचं अंगण दिसतं आणि मी विषय बदलतो.

मी कितीतरी दिवस वाट पाहत होतो की तुम्ही सांगून टाकाल. आज कळेल, उद्या कळेल, सोनूबाई येऊन माझ्या दारात शिव्या घालतील. त्या आल्या नाहीत. शेवटी एका पावसाळ्यात काम थंड होतं, तेव्हा मीच विचारलं. सोनूबाईंना सांगितलं का नाहीत, की तुम्ही स्वतःचं नाव दिलं होतं?

तुम्ही म्हणालात, "सांगून काय, भाई? ती इचारील, मंग ऱ्हायलीस कशाला?"

मी म्हणालो, मी ठेवून घेतलं म्हणून.

"तुमी काय दोरी बांधली व्हती?" तुम्ही हसलात, पण नीट नाही. "जुना दर असता तर मी तिच्यासंगं निघून गेली असती. खरंच गेली असती. नवा दर सोडवला नाय. सुजी तेव्हा पाचवीला व्हती."

मी त्यावर काहीतरी गुळमुळीत बोललो असेन. जो दर तुम्ही बोट ठेवून वाचलात, त्यानंच तुमचे पाय धरून ठेवले, आणि हे तुम्ही मनात एकट्या वागवत होतात. मला ते सांगितलंत, कारण मी तुमचा कोणी नव्हतो. खरं तर सगळ्यात आधी तुमच्या बाजूनं बोलायचं काम माझंच होतं.

इथवर लिहून पत्र चार दिवस तसंच ठेवलं होतं. काल सकाळी मी पोशीरला गेलो. हमीदाला सांगितलं नाही. सोनूबाई अंगण सारवत होत्या, हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. बसा म्हणाल्या नाहीत. तुमच्या दाराला कुलूप होतं, सुजाता आदल्या दिवशीच नोकरीच्या गावी परत गेली होती. मी चपला काढून उभ्या उभ्या सांगितलं. सहावं नाव चांगुणाबाईंनी स्वतःचं दिलं होतं. ते मी खोडलं, तुमचं मी घातलं, आणि दारात मी बोललो ते अर्धं खोटं होतं.

त्यांचा हात थांबला नाही. सारवणाचा एक पट्टा पुरा झाल्यावर म्हणाल्या, "मंग ऱ्हायली कशाला?"

अगदी तुम्ही म्हणाला होतात त्याच शब्दांत. मी तुमचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं, सुजी पाचवीला होती तेही. तेव्हा हात थांबला.

"नवा दर," त्या म्हणाल्या. मग, माझ्याशी नव्हे, "माला तरी सुटला असता काय?" आणि तुमच्या कुलपाकडे बघत, "सांगायचं व्हतं गं, मेले. मी भांडली असती, दोन दिस रडली असती. आन मंग काय?"

अकरा वर्षांत त्या तुमच्याशी पहिल्यांदा बोलल्या, चांगुणाबाई, आणि ते ऐकायला तिथे मी होतो. मला रडू आलं. सांगायला लाज नाही वाटत.

काम झालं असं समजून मी चपलांकडे वळलो.

"भाई."

मी थांबलो.

"दर सरकारनं वाढवला. नावं तिच्याकडनं घेतलीत. पर सहा जनी कमी करायच्या, ह्ये कुनी ठरवलं?"

यंत्र, असं अगदी जिभेवर आलं होतं. अकरा वर्षं तेच म्हणत आलो होतो, कर्जतला, घरी, स्वतःशी. त्या हातातलं शेण निथळू देत माझ्याकडे बघत होत्या.

"मी," म्हणालो.

"हां," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा सारवायला लागल्या.

चांगुणाबाई, तुम्ही मला हे एकदाही विचारलं नाहीत. विचारलं असतंत, तर मी यंत्राचं नाव सांगितलं असतं.